सरकीच्या दाण्यांनी जोखलेला तारा

इंझोरीला पाहण्यासारखे काय आहे, असे परत आल्यापासून मला निदान पंधरा जणांनी विचारले. प्रत्येकाला मी एकच उत्तर देतो : अंधार. पुण्यात तो मिळत नाही. आमच्या पेठेत विजेचे नवे दिवे लागल्यापासून रस्त्यावर पडलेली सुई रात्री सापडते, पण आकाशातला लहान तारा हरवतो. लोकांना सुई हवी असते, मला तारा हवा होता. म्हणून फाल्गुन वद्यात शाळेतून आठ दिवसांची रजा काढली आणि वऱ्हाडची वाट धरली.

कोणता तारा, ते आधी सांगतो. आपली आकाशगंगा म्हणजे एक मोठे, चपटे गाव आहे. बहुतेक तारे गावात दाटीवाटीने राहतात. पण काही थोडे गावापासून फार लांब, शिवारातल्या एकट्या खोपीत दिवा लावून बसावे तसे बसलेले असतात. त्यांतले काही दर अर्ध्या-पाऊण दिवसाने उजळतात आणि पुन्हा मंदावतात. या जातीच्या ताऱ्यांचे खरे तेज जवळजवळ सारखे असते. त्यामुळे असा तारा जितका फिका, तितका तो लांब, आणि गावाची शीव कुठवर गेली आहे हे त्याच्यावरून कळते. उत्तरा फाल्गुनी आणि स्वाती यांच्या मधल्या ओसाड आकाशात असा एक अगदी फिका तारा मला सापडला होता. मी स्वतः घासलेल्या सहा इंची आरशाच्या दुर्बिणीतून तो दोन हिवाळे पाहिला आणि परदेशातल्या निरीक्षकांच्या एका मंडळाला कळवले. त्यांचे उत्तर सभ्य होते. एवढ्या फिक्या ताऱ्याच्या बाबतीत एकट्या निरीक्षकाचा डोळा फसू शकतो, तेव्हा दुसऱ्या कोणाची स्वतंत्र साक्ष पाठवावी.

मला राग आला. अठ्ठावीस वर्षे मी गणित शिकवतो आहे, आणि मुलांची कॉपी मी वर्गाच्या दुसऱ्या टोकावरून पकडतो. पण त्याच महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरू लागल्याचे सांगितले होते. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती. मंदावतो तो तारा की माझा डोळा, एवढाच आता प्रश्न होता. तारा मंदावतो याबद्दल मला खात्री होती. तरी ती खात्री दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मला झोप लागणार नव्हती.

दशमी, वाशीम आणि मंगरूळपीर

अकोल्याला मोठी गाडी सोडून लहान गाडीत बसलो. या गाडीला घाई म्हणून नाही. वाशीमला उतरल्यावर मध्यमेश्वराच्या देवळात गेलो. जुन्या ज्योतिष्यांची मध्यरेषा याच ठिकाणावरून जाते, असे तिथले लोक सांगतात. जगाची रेघ आपल्या अंगणातून गेली आहे याचा पुजाऱ्याला यत्किंचितही गर्व नव्हता. पुण्यात अशी रेघ सापडली असती तर तिच्यावरून दोन पक्ष पडले असते.

मंगरूळपीरला जाणारी मोटार मात्र लगेच मिळाली. दुर्बिणीची पत्र्याची नळी टपावर बांधली. तिच्या एका बाजूला कोंबड्यांची टोपली, दुसऱ्या बाजूला बाज. आरसा गोधडीत गुंडाळून मी मांडीवर घेतला होता. शेजारच्या शेतकऱ्याने वर बोट दाखवून विचारले, "हा पंप किती हातावरून पानी वढते, बाप्पा?"

"हा पाणी ओढत नाही, उजेड ओढतो."

त्याने थोडा विचार केला. "मंग वावराले काय कामाचा?"

मी मांडीवरचा आरसा आणखी घट्ट धरला, आणि त्याने माझ्यावर दया येऊन मूठभर भाजलेले हरभरे दिले. मंगरूळपीरला दर्ग्याजवळच्या हॉटेलात चहा घेतला. चहा म्हणजे साखरेचा पाक, पण मालकाने पुण्याहून आलेल्या पाहुण्याकडून पैसे घ्यायला साफ नकार दिला. पाहुणचार हा या मुलखाचा मोठा गुण आहे. तो माझ्या कामाच्या किती आड येणार आहे, हे दुसऱ्या दिवशी कळले.

एकादशी, इंझोरी

माझा कॉलेजातला मित्र गोविंदराव याने बंडी, म्हणजे बैलगाडी, पाठवली होती. तो आमच्याबरोबर पुण्यात शिकला, पदवी घेतली आणि सरळ घरी जाऊन कापूस पेरू लागला. गणितात तो माझ्यापुढे असायचा. म्हणूनच साक्षीदार म्हणून मी त्याला मनात पक्का केला होता.

संध्याकाळी वहिनींनी माझ्या नावाने रोडग्यांचा बेत केला. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजून, फोडून, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. भाजी अशी होती की पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. वहिनी दाराआडून म्हणाल्या, "भावजी, तिखट तं कमीच टाकलं म्या, पुण्याचे म्हणून." मी वाडग्यात तूप मागून घेतले आणि इभ्रत राखली.

खळ्यावर दुर्बीण उभी केली. चंद्र पहाटेशिवाय उगवणार नव्हता, आणि अंधार असा की स्वतःचा हात दिसेना. माझ्या हिशेबाने तारा त्या रात्री आठच्या सुमारास चढू, म्हणजे उजळू लागणार होता, आणि पुढे रोज दोन तास उशिरा. दृष्टिक्षेत्रात त्याच्याजवळ दोन स्थिर तारे आहेत, एक त्याच्याहून तेजस्वी, दुसरा त्याच्याहून फिका. या दोघांमधले अंतर तेजस्वी ताऱ्यापासून खाली दहा पायऱ्यांचे धरायचे आणि आपला तारा कितव्या पायरीवर आहे ते दर अर्ध्या तासाने सांगायचे. गोविंदरावाला मी हे समजावले.

"बोल, कितवी पायरी?"

"तुले किती वाटते?"

"माझे सोड. तू सांग."

"तू म्हणतो थे बरोबरच असंन ना, मास्तर!"

मी मुद्दाम चुकीचे सांगून पाहिले. म्हटले, सातवी असेल. "सातवीच," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हटले, की नाही रे, तिसरी. "हो, तिसरीच दिसून राह्यली आता." घरी आलेल्या पाहुण्याला खोटे पाडायचे नाही, हे त्याच्या रक्तात होते. पुण्यातला मित्र असता तर त्याने तत्त्व म्हणून माझ्या विरुद्ध सांगितले असते. पुरावा म्हणून दोघेही सारखेच निकामी. मी चिडलो, ओरडलो, आणि गोविंदरावाने माझी समजूत काढायला दूध आणवले. तारा चढून गेला. माझ्याशिवाय तो कोणी पाहिला नाही.

द्वादशी

सकाळी खळ्यावरच्या छपरात गोविंदरावाचा शेवटच्या वेचणीचा कापूस पाहायला मंगरूळपीरचे नेमासा आले. जैन व्यापारी घराण्यातले, साठीच्या आसपासचे, अंगाने काटकुळे. सरकी वेगळी करणाऱ्या एका जिनिंग कारखान्यासाठी कापूस पारखून घेण्याचे काम ते तीस वर्षे करीत होते, आणि सारा गाव त्यांना सावजी म्हणे.

मी उगाच बघत उभा होतो. नेमासांनी ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतला मूठभर कापूस काढला. उत्तरेच्या बाजूच्या सावलीत निळा कागद पसरला, त्याच्यावर आपल्या पिशवीतले दोन नमुने ठेवले, एक उंची आणि एक हलका, आणि मधोमध गोविंदरावाचा कापूस. गोविंदराव काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला.

"बोलू नका. मालवाल्याचा शब्द कानात गेला का नजर बाटते."

मग ते कापसाकडे पाहीनात, त्याच्या किंचित बाजूला पाहू लागले. "सरय पाह्यलं तं सारंच पांढरं दिसते. बाजूनं पाहा, मंग डाग पुढं येते." आणि थोड्या वेळाने, "वरच्या नमुन्याहून चार घरं खाली."

फिका तारा सरळ पाहिला तर दिसत नाही, त्याच्या बाजूला पाहावे लागते, हे मला शिकायला दोन वर्षे लागली होती. शिवाय दोन नमुने, मधल्या पायऱ्या आणि कानांना कडी! जो साक्षीदार मी पुण्यामुंबईत शोधत फिरलो, तो इथे कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून बसला होता.

मी त्यांना सगळे सांगितले. फक्त तारा केव्हा चढतो आणि किती चढतो ते सांगितले नाही. नेमासा म्हणाले, "मले आभायातलं काही समजत नाई, मास्तर."

"कापूस समजतो ना? तेवढे पुरे."

"मंग दोन गोष्टी. तुमी एक शब्द बोलायचा नाई. आन् दिवा लावायचा नाई. रात्री दिव्यावर जीव मरते, आमच्यात चालत नाई."

माझ्या घरची माणसे माझ्या अंधारावरून रोज माझ्याशी भांडतात, आणि इथे एक माणूस धर्म म्हणून अंधार पाळत होता! मी त्यांचे हात धरले. ते चार दिवस गोविंदरावाकडेच राहिले. सूर्य मावळायच्या आत जेवत आणि नंतर पाण्याचा थेंबही घेत नसत. वहिनी हळहळत, पण सावजींपुढे त्यांचे काही चालत नसे.

आता दिवा नाही तर नोंद कशी करायची? तोडगा नेमासांनीच काढला. खळ्याच्या कडेला मातीच्या पणत्या ओळीने मांडल्या, आणि शेजारी सरकीची टोपली. गोविंदराव घड्याळाची काच काढून काटे चाचपून वेळ सांगे. दर अर्ध्या तासाला आधी नेमासा दुर्बिणीला डोळा लावीत, आणि माल वरच्या नमुन्याहून जितकी घरे खाली असेल तितक्या सरक्या पुढच्या पणतीत टाकीत. मग मी पाही, आणि घोंगडीखाली शिरून लाल कापड बांधलेल्या विजेरीच्या उजेडात माझा आकडा लिही. पणत्यांकडे सकाळपर्यंत कोणी पाहायचे नाही, असे ठरले.

त्रयोदशी

सकाळी दात न घासताच मी सरक्या मोजायला बसलो. आदल्या रात्री तारा दहाला चढू लागला होता. माझी वही म्हणत होती आठ, आठ, आठ, मग पाच, मग दोन. पणत्यांत होते नऊ, नऊ, नऊ, मग सहा, मग तीन. प्रत्येक पणतीत एक दाणा जास्त! मला वाटले, म्हाताऱ्याला मोजता येत नाही. त्या रात्री तारा बाराला चढला, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. एक दाणा जास्त, एकाही पणतीचा अपवाद नाही.

"सावजी, तुम्ही दर वेळी मालाला एक घर खाली ढकलता. काहून?" माझ्या तोंडी आता तिथला शब्द बसला होता.

नेमासा आधी गोंधळले, मग दात नसलेल्या बाजूने हसले. "तीस वर्सं घेनाऱ्याकडून पाह्यलं, मास्तर. घेनाऱ्याची नजर एक घर खालीच पडते. म्या मुद्दाम नाई केलं. माल आभायातला हाय, हे डोयाले कसं समजंन?"

गोविंदराव पोट धरून हसला. मी मात्र उड्या मारायच्या बेतात होतो. चूक होती, पण सगळीकडे सारखीच. आमच्या दोन रेघा कागदावर काढल्या तर रुळांसारख्या शेजारून शेजारून चालल्या असत्या. एकाच वेळी चढ, एकाच वेळी उतार. माझे ऐकून त्यांनी दाणे टाकले असते तर आकडे जुळले असते. ते जुळत नव्हते, म्हणूनच साक्ष स्वतंत्र होती. माझा तारा खरा होता! त्या दिवशी मी वहिनींचा ठेचा मागून घेतला आणि तुपाशिवाय खाल्ला.

चतुर्दशी

चौदस म्हणून नेमासांचा कडक उपास होता, तरी ते खळ्यावर आले. खरे तर मला आता आणखी पुराव्याची गरज नव्हती. पण विजयाची चटक वाईट असते. दिवसभर मी गोविंदरावाबरोबर रणरणत्या उन्हात त्याची वावरे पाहत हिंडलो होतो, आणि डोळे चुरचुरत होते. तारा तळाला असला की तो मला रोजच कष्टाने, काठाकाठाने दिसे. त्या रात्री बारानंतर तो दिसेनासाच झाला. त्याच्याखालचा फिका नमुनाही दिसेना. मी वहीत लिहिले, "आकाश धूसर. निरीक्षण अशक्य." आणि अंथरुणावर जाऊन पडलो. नेमासा मागे राहिले, गोविंदरावाचे घड्याळही त्यांच्याजवळच राहिले. मला वाटले, जप करीत असतील.

अमावास्या

सकाळी पणत्या पाहिल्या. बाराची पणती : नऊ दाणे. साडेबाराची : नऊ. एकची : नऊ. दीडची : नऊ. पुढे दोन वाजता सात, मग पाच, मग तीन. एकही पणती रिकामी नव्हती.

मी नेमासांकडे गेलो. ते उपास सोडायला बसले होते. "सावजी, काल आकाशात धूळ होती ना?"

त्यांनी पाण्याचे भांडे खाली ठेवले. पारखी माणूस मालाबद्दल खोटे बोलत नाही, हे मला माहीत होते.

"आभाय साफ होतं, मास्तर. खालचा नमुना होता, माल भी होता. रातभर होता." मग जरा थांबून म्हणाले, "तुमाले दिसत नव्हता."

मी खळ्यावर जाऊन बसलो. डॉक्टरांनी सांगितल्यापासून मी स्वतःला विचारत आलो होतो, मंदावतो तो तारा की डोळा. दोन्ही मंदावत होते. फरक इतकाच की तारा पुन्हा चढणार होता. मला रडू आले, आणि ते कोणापासून लपवावेसे वाटले नाही. गोविंदराव शेजारी येऊन बसला तेव्हा डॉक्टरांचे सगळे त्याला सांगितले. एरवी माझ्या प्रत्येक बोलण्याला मान डोलावणारा हा माणूस या वेळी भडकला. "इतके दिवस बोलला काहून नाई? घरी वहिनीले भी नाई सांगतलं? शरम वाटू दे थोडी." मित्राने आयुष्यात पहिल्यांदा मला विरोध केला, आणि तो मला फार गोड लागला.

दुपारी मी त्या मंडळाला पाठवायचे पत्र लिहिले. निरीक्षकांच्या नावांत नेमासांचे पहिले घातले, माझे दुसरे. चतुर्दशीच्या नोंदीतले "आकाश धूसर" खोडले आणि लिहिले, "आकाश स्वच्छ. दुसऱ्या निरीक्षकाची दृष्टी अपुरी." एवढे लिहायला मला दोन तास लागले. पण एकदा लिहिल्यावर हलके वाटले. पुण्याला पोहोचल्यावर हेच वाक्य सोप्या शब्दांत बायकोला सांगितले. ती म्हणाली, तिला दिवाळीपासून माहीत होते.

अमावास्येची रात्र ही माझी तिथली शेवटची रात्र. तारा पहाटे चारला चढणार होता, आणि पाचनंतर पाडव्याचा उजेड त्याला गिळणार होता. मी दुर्बीण त्या जागेवर रोखून दिली, पण डोळा लावला नाही. नेमासांना म्हटले, "आज सरकी नको. आज बोला. मी लिहीन."

"नेम मोडंन, मास्तर. तुमच्या कानात पडंन."

"पडू द्या. मला आता ऐकायचेच आहे."

घोंगडीखालचा लाल उजेडही नको वाटला. वही मांडीवर घेतली आणि ओळी एकमेकींवर चढू नयेत म्हणून डाव्या हाताचे बोट कागदावर धरून चाचपत बसलो. वारा पडलेला होता. गावाच्या बाजूला एका घरी पाडव्याची लगबग सुरू झाल्याचा आवाज येत होता. नेमासा वाकून उभे होते, एक डोळा भिंगाला, दुसरा मिटलेला.

"नऊ," ते म्हणाले. मी लिहिले.

"नऊच."

आणखी अर्धा तास गेला. माझ्या डोळ्यांपुढे नुसता काळोख होता. मग त्यांचा श्वास बदलल्याचे मला ऐकू आले.

"सात. मास्तर, हलला." त्यांनी दुर्बिणीवरचा डोळा काढला नाही, पण चाचपत माझा खांदा धरला. "सहा. चढून राह्यला, मास्तर. चढून राह्यला."

"बोलत राहा, सावजी," मी म्हटले, आणि लिहीत गेलो.